कॉम्प्युटरमधलं पुसताना

प्रेमिला नागपूरहून दुपारच्या गाडीने आमगावला उतरणार होती. आमचा मुलगा गजेंद्र तिला आणत होता. त्याआधी मला कॉम्प्युटरमधलं पुसायचं होतं.

तिच्या पोटातली गाठ कसली आहे ते नागपूरच्या डॉक्टरांनी मला आणि गजेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं. प्रेमिलाला कळू द्यायचं नाही, हे आम्हीच ठरवलं. गजेंद्रला तिच्याजवळ ठेवून मी घरी परतलो आणि पंधरा दिवस कॉम्प्युटरवर तेच वाचत बसलो. एकेक कळ शोधून लिहायचो : पोटातला कॅन्सर, माणूस किती दिवस जगतो. प्रेमिला आली की कॉम्प्युटरपुढच्या त्याच खुर्चीवर बसणार. साक्षरता वर्गात आम्ही एका पाटीवर शिकलो, पण वाचण्यात ती माझ्यापुढे.

भाच्याला, टिकेशला फोन लावला.

"मामाजी, कायले पुसून राहिले? म्हातारपणी असं काय पाहिलं जी?"

"सांग मुकाट्यानं."

त्याने सांगितलं तसं केलं. मग वर्गातल्यासारखं 'अ'पासून एकेक अक्षर मारून पाहिलं. 'प'वर माझं सगळं वाक्य खाली उभं राहिलं. पुन्हा फोन.

"तुमी एका तासाचंच पुसलं, मामाजी. सुरुवातीपासूनचं निवडा. सगळ्या चौकटींत खुणा करा."

केलं. पुन्हा 'अ' ते 'ज्ञ'. काहीच आलं नाही. पाठ भरून आली होती. तिथेच भिंतीला टेकलो.

प्रेमिला आली. अंगावरचं लुगडं मोठं वाटत होतं. पाणी प्याली आणि खुर्चीवर बसली. गजेंद्र औषधं आणायला गेला. तिने एका इंग्रजी अक्षराची कळ दाबली, थांबली, पुन्हा दाबली.

"काऊन जी, तुमी पुसलं का यातलं?"

"काय?"

"माहं होतं. गोंदियाच्या डॉक्टरच्या कागदावर रोगाचं नाव होतं. नागपूरले जायच्या आधी पाहून पाहून मारलं होतं. मंग पहिलं अक्षर मारलं का पुरं नाव येत होतं."

मला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. ती मी तपासलीच नव्हती.

"तुले ठाऊक होतं?"

"तुमाले सांगन तं तुमी जेवान का?" ती म्हणाली. "आता आना तो कागद. माह्या हातात दम नाही."

मी फाइल आणली. ती कागदावर बोट ठेवत गेली. मी तसंच अक्षर कळांवर शोधत गेलो.