चौथ्या मजल्यापर्यंत गुप्त

माझ्या नवऱ्याने बावीस दिवसांत आमच्या मुलीला एकदाही उचललं नव्हतं. मी मोजत होते. ढमी झाल्यापासून मी सगळंच मोजते. झोपेत तिचे श्वाससुद्धा, आणि एखादा चुकल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून.

नवरा अग्निशमन दलात आहे. धुराने भरलेल्या घरात पोटावर सरपटत शिरणारा माणूस. पण नऊ महिन्यांच्या गुबगुबीत मुलीला घे म्हटलं की त्याला कारणं सुचत. आधी कंबर धरली होती. मग नखं वाढली होती. नखं कापल्यावर हातांना धुराचा वास यायला लागला. एकदा म्हणाला, "तिला माझ्या मिशीचा त्रास होतो." मिशी तर लग्नाच्या आधीपासूनची! खेळायचा तिच्याशी, पण लांबून. पायाने चेंडू ढकलायचा, स्वयंपाकघराच्या दारातून टाटा करायचा. ती दोन्ही हात वर करून "अँ, अँ" करत झेपावली की हा कपडे वाळत घालायला पळायचा. वाळलेले कपडेसुद्धा पुन्हा वाळत घातले त्याने.

कारण मला अर्धंच माहीत होतं. तेवीस दिवसांपूर्वी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून त्याने दोन वर्षांच्या मुलाला बाहेर काढलं होतं. मुलगा सुखरूप होता. दुसऱ्या दिवशी त्याचे आईवडील केंद्रावर बिस्किटांचा डबा घेऊन आले आणि त्यातली निम्मी बिस्किटं त्या मुलानेच संपवली.

"मग झालंय काय तुला?" मी विचारायची.

"कुठे काय? छान झालं सगळं." आणि पुन्हा कपडे.

शेवटी मीच केंद्रावर फोन केला. तिथे नुकतीच 'सोबती' योजना सुरू झाली होती. आगीवर जाऊन आलेल्यांच्या मनात जे साचतं, ते त्यांच्यातल्याच कुणीतरी ऐकून घ्यायचं. त्यासाठी काही जणांना दोन दिवसांचं प्रशिक्षणही दिलं होतं. "तुमच्या नवऱ्याच्या बंबावरचाच एक पाठवतो," साहेब म्हणाले. "एकदम भरवशाचा माणूस."

रविवारी सकाळी दार उघडलं तर समोर भोंगा.

भोंगा म्हणजे बंबाचा ड्रायव्हर. सव्वीस वर्षं डोक्यावर भोंगा वाजवत गाडी हाणल्याने त्याच्या कानांचं पार वाटोळं झालंय, आणि स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू यावं म्हणून तो जे काही बोलतो ते समोरच्या इमारतीलाही पोचतं.

"वहिनी!" तो म्हणाला. "मी आलोय हे कुणाला कळू देऊ नका! हे सगळं गुप्त असतं!"

खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. ढमी मात्र माझ्या कडेवर खुदकन हसली.

"दादा, कानातलं मशीन?" मी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवत विचारलं.

"चार्जिंगला!"

दोघे गॅलरीत खुर्च्या टाकून बसले. मी स्वयंपाकघरात गेले. चोरून ऐकायचा माझा बेत होता, पण चोरायची वेळच आली नाही.

भोंग्याने खिशातून प्रशिक्षणाचं कार्ड काढलं, हात लांब धरून चष्म्याविना वाचलं. "एक! शांत जागा निवडा! निवडली. दोन! हळू आवाजात बोला!"

समोरच्या गॅलरीतल्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं.

"तीन! समोरच्याला बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका! चार! स्वतःचं रडगाणं गाऊ नका! हं, बोल."

नवरा काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने!"

"दादा, लोक ऐकतायत."

"कोण ऐकतंय? कुणी ऐकत नाही!"

"आम्ही मुळीच ऐकत नाही आहोत," वरून आवाज आला. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. "तुमचं चालू द्या."

नवऱ्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. भोंगा कार्डाप्रमाणे गप्प बसून राहिला. बसला म्हणजे इतका मन लावून बसला, की श्वाससुद्धा रोखून धरला आणि तोंड लालबुंद झालं. तो आता खुर्चीवरून पडतो की काय या भीतीनेच बहुधा नवऱ्याच्या तोंडून एकदम निघालं, आणि ऐकू जावं म्हणून पूर्ण ताकदीने निघालं:

"'घेतलं' म्हणायच्या आधी सोडलं मी! पोराला सोडलं!"

कुत्रासुद्धा गप्प झाला.

यांच्या कामात एक नेम आहे. शिडीवर वरच्याने खालच्याला काहीही द्यायचं असो, कुऱ्हाड, पाण्याची नळी, माणूस, खालचा "घेतलं" म्हणेपर्यंत वरच्याने हात सोडायचा नाही. नव्या भरतीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. त्या दिवशी धुरात, शिडीच्या टोकावरून, नवऱ्याने मूल खाली दिलं आणि खालून आवाज यायच्या आत त्याची बोटं सुटली.

"आता ढमीकडे हात नेला की बोटं आपोआप उघडतील असं वाटतं," तो ओरडला. ओरडता ओरडता त्याचा आवाज चिरकला. "माझीच पोर, आणि मला तिची भीती वाटते!"

मी ढमीला आणखी घट्ट धरलं.

भोंग्याने कार्डाकडे पाहिलं. उलटं करून पाहिलं. पाठीमागे काहीच छापलेलं नव्हतं. मग ते खिशात घातलं आणि काहीतरी बोलला, इतक्या हळू की ओठच तेवढे हलले.

"ऐकू आलं नाही!" वरून मुख्याध्यापिका.

"मी 'घेतलं' म्हटलंच नाही!" भोंगा गरजला. "त्या दिवशी माणसं कमी होती म्हणून शिडीवर मी होतो! पोरगं माझ्या हातात आलं, घट्ट धरलं होतं मी, दोन्ही हातांनी, छातीशी! पण शब्द फुटेना! अख्ख्या जन्मात एकदा माझा आवाज बसला, तो नेमका तेव्हा! तेवीस दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही! वाट बघतोय तू कधी शिव्या घालतोस त्याची!"

"मी कशाला शिव्या घालू? सोडलं मी!"

"धरलं होतं मी! सांगितलं नाही, हा माझा गाढवपणा!"

"गाढव मी!"

"मी सीनियर आहे, गाढव मी!"

दोघे नाक ओढत एकमेकांकडे बघत राहिले. "आधी पाणी प्या दोघंही," वरून हुकूम आला, आणि दोघे खरोखरच मुकाट्याने स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायले.

कवायत चुकली तर ती पुन्हा करायची, एवढंच या लोकांना ठाऊक. त्यामुळे पुढची वीस मिनिटं माझ्या दिवाणखान्यात एका गादीची, एका स्टुलाची आणि पंख्याची सुटका झाली. भोंगा द्यायचा, नवरा "घेतलं!" म्हणायचा, मग उलट. गव्हाच्या पोत्याला तर भोंग्याने "घाबरू नका काकी, आम्ही आलोय" असा धीरही दिला. नवऱ्याला हसू आवरेना. त्याच्या हातून एकही वस्तू निसटली नाही. मी बघत होते ना.

"आता खरी कामगिरी!" भोंगा माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही द्या!"

ढमी आधीच बापाकडे अर्धी लोंबत होती. नवऱ्याने तिच्या बगलांखाली हात घातले. चेहरा पांढरा पडला होता त्याचा, पण बोटं नीट होती.

"घेतलं," तो म्हणाला.

मी वाट पाहिली.

"घेतलं."

ढमी दोघांच्या मधोमध ताणली गेली आणि तिने वैतागून लाथ मारली.

"अगं, घेतलं!"

"वहिनी, सोडा!"

"तीनदा म्हणाला तो," वरून मुख्याध्यापिका. "मी मोजलंय. आता सोडा हो तिला."

तेव्हा कुठे मी खाली पाहिलं. माझी दहाही बोटं तिच्या झबल्यात रुतलेली होती. या बावीस दिवसांत मी तिला त्याच्याकडेच काय, कुणाकडेच दिलं नव्हतं. शेजारीण मागायची तर मी म्हणायची, तिला सर्दी आहे. सर्दी नव्हती.

"नीट धरलंयस ना?" मी विचारलं.

"धरलंय."

"मानेखाली?"

"तिने मान कधीचीच धरली आहे गं. बसते ती आता!"

मी अंगठा सोडला. मग एकेक बोट. शेवटची करंगळी सुटली, ढमीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, समाधानाने सुस्कारा टाकला आणि त्याच्या शर्टवर मनसोक्त ओकली.

नवऱ्याचा हात तसूभरही हलला नाही.