पंधरा सेकंदांची तपासणी

विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये त्यांना सगळे नियमबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं 'बाई'. पण बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटायचं. का नाही वाटणार? बावीस वर्षांत त्यांच्या काउंटरवरून गेलेला एक कॅमेरा, एक माईक, साधी एक वायरसुद्धा हरवली नव्हती. काउंटरच्या मागच्या भिंतीवर अकरा नियम लावलेले होते, स्वच्छ टाइप करून, वर प्लास्टिक चढवून.

त्यातला चौथा नियम परत आलेल्या यंत्राचा. ज्याच्या नावावर यंत्र गेलं त्यालाच विचारायचं, तुझं सगळं काढून घेतलंस का? तो हो म्हणाला की हेडफोन लावून रेकॉर्डिंगचे पहिले पंधरा सेकंद ऐकायचे, म्हणजे माईक धड आहे की नाही ते कळतं. मग कार्ड कोरं करायचं आणि यंत्र पुढच्याला द्यायचं. सातवा नियम त्याहून कडक होता. दुसऱ्याच्या लॉगिनवर बसायचं नाही. "मेलात तरी नाही," असं बाई वरून तोंडी सांगायच्या.

लॅबमध्ये कायमची माणसं तीनच. वर प्रमुख सर, मागच्या खोलीत दुरुस्तीवाले काका आणि काउंटरवर बाई. बाकी काम पाच विद्यार्थी-कर्मचारी पाळीपाळीने करायचे. वर्ग संपला की यायचे, चार तास बसायचे, पुन्हा वर्गाला पळायचे. त्यातली बाईंची लाडकी म्हणजे खारूताई. बॅटऱ्या दिसल्या की ती उचलून कुठल्या ना कुठल्या खणात नीट रचून ठेवायची, म्हणून काकांनी तिला ते नाव दिलं होतं. पोरगी कामाला वाघ होती. बाईंनी कधी तोंडभरून कौतुक केलं नाही, पण दुपारी तिचं तोंड सुकलेलं दिसलं की म्हणायच्या, "ऊठ, दोन घास खाऊन ये. यंत्रं कुठे पळून जात नाहीत."

गुरुवारी सकाळी भाषा विभागातली एक मुलगी काउंटरवर आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले.

"माझ्या नावावर रेकॉर्डर होता," ती म्हणाली. "तो मंगळवारी मामाने परत केला. मी हॉस्पिटलमध्ये होते ना. त्यातलं रेकॉर्डिंग घ्यायला आलेय."

"काढून घेतलं नव्हतं?" खारूताईने विचारलं.

"कधी काढणार? रविवारी आईचं बोलणं केलं, सोमवारी तिचं ऑपरेशन झालं. गळ्याचं. स्वरयंत्रच काढलं. आता ती बोलणार नाही ना कधी. म्हणून मी तिला म्हटलं, काहीही बोल, पण बोलून ठेव. तर म्हणाली, तू समोर असलीस की मला हसू येतं, जा बाहेर. मग एकटीच बसून चाळीस मिनिटं बोलली. मी अजून ऐकलंसुद्धा नाहीये."

खारूताईने कॉम्प्युटरवर नोंद उघडली. रेकॉर्डर परत, मंगळवार, एक वाजून वीस मिनिटं. तपासला. कार्ड कोरं केलं. आणि शेजारी लॉगिन, खारूताईचं स्वतःचं.

तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. "माझंच लॉगिन आहे," ती पुटपुटली. "मीच केलंय."

बाई तिच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. पडद्यावरची वेळ वाचल्याबरोबर त्यांना सगळं आठवलं. मंगळवारी एक वाजता त्यांनीच खारूताईला जेवायला पिटाळलं होतं आणि तिच्या खुर्चीत स्वतः बसल्या होत्या. लॉगिन तिचंच उघडं होतं. अर्ध्या तासासाठी कोण बंद करून पुन्हा उघडणार? मामा आले ते पळतच. "काढून घेतलंय ना सगळं?" "हो हो, झालंय," म्हणाले आणि गेले. ज्याच्या नावावर यंत्र, त्यालाच विचारायचं. एक फोन करायचा होता फक्त. पण पुढचा मुलगा तोच रेकॉर्डर मागत उभा होता, आणि बाईंनी हेडफोन लावला, पंधरा सेकंद ऐकलं, आवाज स्वच्छ आहे म्हणून मान हलवली आणि बटण दाबलं.

बोलायची वेळ तीच होती. पण "काकांकडे देऊ," एवढंच त्या म्हणाल्या, "बघू, काही निघतंय का."

काकांनी दोन दिवस कार्डावर डोकं आपटलं. मंगळवार ते गुरुवार या वेळात ते दोनदा बाहेर जाऊन आलं होतं आणि दोन्ही वेळा काठोकाठ भरलेलं होतं. "काही उरलं नाही, बाई," ते शुक्रवारी संध्याकाळी म्हणाले. "वरून भरलंय सगळं."

प्रमुख सरांनी त्याआधीच बाईंना वर बोलावून घेतलं होतं. "कुलगुरूंपर्यंत तक्रार जायच्या आत आपण काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "मुलगी मान्यच करतेय म्हणजे प्रश्न मिटला. विद्यार्थी-कर्मचारी आहे, काढायला काय लागतं? कायमच्या माणसाची गोष्ट वेगळी, चौकशी, समिती, सतरा भानगडी. सोमवारी पत्र देऊ. तुमची फक्त शिफारशीची सही लागेल."

बाईंनी मान डोलावली. हो, डोलावली. बावीस वर्षं लोकांना नियम सांगणारी बाई मूग गिळून खाली आली.

खाली खारूताई बॅटऱ्या लावत होती, पण एकच बॅटरी तीनदा एका खणातून दुसऱ्यात जात होती. "बाई, काम जाईल ते जाऊ दे," ती मान वर न करता म्हणाली. "पण मी हेडफोन लावला असणारच ना? मी कधी चुकवत नाही. म्हणजे त्या आईंचा आवाज माझ्या कानात गेलाय. पंधरा सेकंद. आणि मला एक शब्द आठवत नाही हो! रात्रंदिवस आठवून बघतेय. मी कसली माणूस आहे?"

नियमबाई दुसऱ्याच्या लॉगिनवर बसतील हे त्या पोरीच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणून तिला शंकासुद्धा आली नाही. आणि बाईंना तर ते पंधरा सेकंद शब्दन् शब्द पाठ होते. गुरुवारपासून ते त्यांच्या कानातून हलत नव्हते. भांडी घासताना, चपला घालताना, कुणाशी बोलताना मध्येच.

"घरी जा तू," त्या म्हणाल्या. "डोळे बघ कसे झालेत." आणि स्वतःच आधी निघाल्या, कारण तिच्यासमोर उभं राहवेना.

रविवारी त्यांचे यजमान कपाटातल्या बरण्या हुडकत होते. घरातल्या बरण्यांवरही बाईंच्या चिठ्ठ्या. "अहो, साखर चहाच्या बरणीत ठेवली तर कितव्या नियमाखाली फाशी?" त्यांनी नेहमीसारखं चिडवलं. एरवी बाई यावर डोळे वटारायच्या. आज त्या ओट्याला धरून रडायलाच लागल्या. यजमान बिचारे हातात बरणी घेऊन उभे. मग सगळं बाहेर आलं, लॉगिन, मामा, ती पोरगी, ती सही.

यजमानांनी बरणी खाली ठेवली. "त्या पोरीने जन्मभर ते आठवत बसायचं?" त्यांनी एवढंच विचारलं. बाईंनी पदराने तोंड पुसलं.

सोमवारी त्या सरांच्या खोलीत गेल्या तेव्हा पत्र टेबलावर तयार होतं. बाईंनी पेन घेतलं नाही. "ते मी केलंय," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "ती जेवायला गेली होती. तिच्या लॉगिनवर मी बसले होते. चौकशी करायची ती माझी करा."

सरांनी आधी दाराकडे बघितलं. "बाई, जरा विचार करा. मुलगी मान्य करतेय. बावीस वर्षांचं तुमचं नाव आहे इथे. कशाला उगीच..."

"नाव आहे म्हणूनच ती मान्य करतेय," बाई म्हणाल्या. "तिला वाटतं, माझ्या हातून असं होऊच शकत नाही."

त्या खाली आल्या आणि खारूताईला मागच्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. "म्हणजे मी नाही?" तिने लहान मुलासारखं विचारलं. "मी नव्हतेच?" आणि भिंतीला टेकून खाली बसली. बाईंना वाटलं, आता हलकी होईल, रडेल, संपेल. पण तिने मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते. "चार दिवस झाले, बाई," ती म्हणाली. "चार दिवस तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

बाई तिथून हॉस्पिटलला गेल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर आई उशांना टेकून बसली होती. गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. लेक शेजारी स्टुलावर. बाईंनी बसायला नकार दिला. जे झालं ते त्यांनी एका दमात सांगितलं, मामांचं घाईत असणं मध्ये न आणता.

लेक ऐकता ऐकता उठून उभी राहिली. "एक फोन!" तिचा आवाज चिरकला. "एक फोन केला असतात! मी काय नाही म्हणणार होते उचलायला? आणि तुमच्या काउंटरवरच्या त्या बिचारीने परवा इथे येऊन आईचे पाय धरले, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी घाबरले," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही मला."

आईने लेकीचा हात ओढून तिला खाली बसवलं. मग वहीवर काहीतरी लिहून वही बाईंपुढे धरली. अक्षर मोठं आणि वळणदार होतं. 'तुम्ही ऐकलंत?'

"पंधरा सेकंद," बाई म्हणाल्या. "तेवढंच ऐकतो आम्ही. आवाज तपासायला."

'कसा आला होता?'

"स्वच्छ. अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. थोडा हसरा."

लेकीने डोळे पुसले. तिचा राग गेला नव्हता, पण ती पुढे सरकली. "काय म्हणत होती? आठवतंय तुम्हाला?"

दुसऱ्याची आई आपल्या तोंडून कशी बोलायची? पण दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कानात होतं तसं, थांबत थांबत सांगितलं. "'लाल दिवा लागलाय, म्हणजे चालू झालं वाटतं. काय बोलू बाई? बरं, ऐक. ओल्या केसांनी झोपत जाऊ नकोस, हजारदा सांगितलंय. मग डोकं दुखतं म्हणून माझ्याच नावाने ओरडतेस. आणि धाकट्याला सांग...'"

आई ऐकत होती. 'हजारदा'पाशी तिचे ओठही हलले होते. लेक हसत होती आणि रडत होती. "अगदी अशीच बोलते," ती म्हणाली. "अशीच. मग? धाकट्याला काय सांग?"

धाकटा म्हणजे लेकीचा भाऊ, तो परदेशात होता, अजून पोचायचा होता, हे बाईंना मागाहून कळलं.

"पुढचं मी ऐकलं नाही," बाई म्हणाल्या. "पंधरा सेकंद झाले होते."

लेक आईकडे वळली. "आई, काय सांगायचं होतं त्याला? लिही ना."

आईने पेन्सिल वहीवर टेकवली. चाळीस मिनिटं ती एकटीच बोलली होती, दुसऱ्या दिवसाच्या भीतीने, मनात येईल ते. तिने कपाळाला आठ्या घालून खूप वेळ आठवून बघितलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि नाही म्हणून मान हलवली.