कॉरिनची उशी

अर्लिसने आपली बाहुली कागदातून सोडवली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

चर्चच्या तळघरात लांब टेबलाभोवती बाहुली मंडळाच्या बाकी चौघी कॉफी पीत बसल्या होत्या. दर हिवाळ्यात त्यांचा हा खेळ चाले. प्रत्येकीने एक कोरी कापडी बाहुली करायची. ती दर महिन्याला पुढच्या मैत्रिणीकडे जायची आणि तिने त्यावर आपला एक थर चढवायचा, मणी, लेस, बटणं, काय हवं ते. नियम एकच, दुसरीचा टाका उसवायचा नाही. मार्चमध्ये बाहुली मालकिणीकडे परत.

यंदा अर्लिसने बाहुली स्वतःवरून केली होती. रुंद खांदे, आखूड मान, उजवीकडे छाती आणि डावीकडे सपाट. त्या सपाट जागी लाल धाग्याची तिरकी शिवण, स्तन काढल्यावर डॉक्टरांनी तिला घातली होती तशी. तेवढी शिवण घालायला तिला तीन दिवस लागले. घरी ती कपडे बदलू लागली की नवरा कुत्र्याला फिरवायला न्यायचा. निदान या बायकांनी तरी आपल्याकडे नीट बघावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि आता बाहुलीच्या डाव्या छातीवर मण्यांचं भलंमोठं सूर्यफूल होतं.

"फूल माझं बरं का," मंडळाची पुढारीण लव्हॉन म्हणाली. "अडीचशे मणी! माझे डोळे फुटायची वेळ आली."

अर्लिसने फुलाची कड उचलून आत पाहिलं. खाली ट्वायलाची लेस, लेसखाली बर्नडीनची बटणं, आणि तळाशी, अगदी पहिल्या थरात, कापसाची छोटी उशी. एकमेकींना न विचारता चौघींनी नेमकी तीच जागा झाकली होती.

"ही उशी कोणाची?"

"माझी," कॉरिन म्हणाली. "अगं, मला वाटलं, त्या बाजूला कापूस भरायचा राहिला तुझा."

"राहिला? ऑपरेशननंतर दोन आठवडे रोज जेवणाला हॉटडिश घेऊन येत होतीस ना तू? तेव्हा काय वाटलं, मला सर्दी झालीय?"

"चिडू नकोस ना," ट्वायला म्हणाली. "छान दिसावी म्हणून केलं गं."

"छान म्हणजे दोन, असंच ना?"

या गावात बायका रागावत नाहीत, कॉफी ओततात. लव्हॉनने किटली उचललीसुद्धा.

अर्लिसने टाके उसवायची कात्री काढली.

"अगं, नियम!" लव्हॉन ओरडली.

"खड्ड्यात गेला नियम!"

मणी फरशीवर उधळले. लेस गेली, बटणं गेली, उशी निघाली. आणि खाली लाल शिवण नव्हती. कापडावर सुईची बारीक भोकं तेवढी राहिली होती.

"कॉरिन, माझे टाके उसवलेस तू?"

"लाल होतं गं ते," कॉरिन पुटपुटली. "बघवत नव्हतं."

अर्लिसने लाल धागा ओवला, खुर्ची ओढून बरोबर कॉरिनसमोर बसली आणि पहिला टाका घातला.

"किटली खाली ठेव, लव्हॉन. शिवण पुरी होईपर्यंत कोणी उठायचं नाही."

कॉरिन रडायला लागली आणि तिने मान फिरवली.

"रड हवं तेवढं," अर्लिस म्हणाली. "पण इकडे बघून रड."