ठाण्यात जमा केलेली बंदूक

“कुणाला बोलायचं न्हाय. छर्रे गोळा कर, आन् भिंतीवर तितं कॅलेंडर टांग.”

सर्जेरावांनी हे सांगितलं त्याला एकोणीस वर्षं झाली. सर्जेराव जाऊनही पाच झाली. पण त्यांच्या बायकोच्या, कुशाबाईंच्या कानात तो आवाज अजून तसाच होता.

त्या दिवशी खंडेनवमी होती. निरवांगीच्या घरात देवापुढं पाटावर कोयते, विळे मांडलेले, आणि मधोमध डुकरांपासून ऊस राखायला परवान्यानं घेतलेली बारा बोअरची बंदूक. आदल्या दिवशी ती रानात नेलेली. काडतूस काढायचं राहून गेलं होतं. कुशाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, हार घातला. पूजा आटोपून सर्जेरावांनी बंदूक उचलली आणि बार उडाला. लेक दिग्विजय कारखान्यावर गेलेला, सून माहेरी पिंपळीला. त्यांची तीन वर्षांची राजलक्ष्मी मात्र भिंतीला टेकून प्रसादाची वाट बघत उभी होती. छर्रे तिच्या डोक्याच्या वीतभर वर घुसले. शेजाऱ्यांना फटाका म्हणून सांगितलं. कुशाबाईंनी त्या दिवसापासून सोमवार धरला तो आजतागायत. कशासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

सर्जेराव गेल्यावर परवाना कुशाबाईंच्या नावावर झाला, कारण दिग्विजयवर दूध आंदोलनातली केस होती. ठाण्यातले हवालदार त्यांना हसून ‘बंदूकवाल्या आज्जी’ म्हणत. निवडणूक लागली की बंदूक इंदापूरच्या ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सही करून आणायची, हा शिरस्ता. औंदाही जमा केली होती.

बंदूक तिकडं असतानाच अमेरिकेतून बातमी आली. राजलक्ष्मी शिकत होती त्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक पोरगा बंदूक घेऊन शिरला होता. चार मुलं गेली. राजलक्ष्मी आणि आणखी सहाजणींना तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मागच्या खोलीत कोंडून घेतलं, दाराला कपाट लावलं. तीन तास इकडं कुशाबाई देवापुढून उठल्या नाहीत. पोर सुखरूप राहू दे, पुन्हा या घरात बंदूक येऊ देणार नाही, असं त्या बोलून गेल्या. त्या ग्रंथपाल बाईंचं नाव कुशाबाईंना उच्चारता येत नसे. तरी रोज एक जादा वात त्यांच्या नावानं लागायची.

काल राजलक्ष्मीचा फोन आला. “आज्जी, बंदुकीचा कायदा कडक करा म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. तुझी सही इकडं चालायची नाही गं!”

“न चालंना का. जितं चालती तितं करते. तुला शब्द दिला बघ.”

आज सकाळी दिग्विजय जीपची किल्ली फिरवत आला. “आई, आटप. आज ठाण्यात बंदुका परत देत्यात. परवा बारामतीला मेव्हण्याच्या पोराची वरात हाय, दोन बार तरी काढाय पायजेत.”

“आणायची न्हाय. परवान्यासकट कायमची देऊन टाकायची. मी देवाला बोललीय.”

“सोमवार, चतुर्थी, एकादशी कमी पडली व्हय? आता बंदुकीचा बी उपास?”

कुशाबाईंना हसू आलं. “असंच समज.”

“अगं, अमेरिकेचं येगळं. तितं दुकानात भाजीवानी मिळती. आपल्याकडं सतरा कागद मागत्यात.”

“मागत्यात, ते उपकारच हायत रं. तुजे आबा त्या कागदांना शिव्या घालायचे, मी बी कुरकुरायची. आता हात जोडते. त्या पोराला कुणी अडवून ईचारलं असतं, बाबा, तुला कशाला पायजे? तर चार लेकरं जेवायला घरी गेली असती.”

“पण आपल्या बंदुकीनं कधी कुणाचं काय वाकडं केलंय?”

कुशाबाई उठल्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांनी खाटेवर ठेवलं. गिलाव्यात मुठीएवढा खड्डा होता, भोवती बारीक भोकं. हलक्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. आबांची चूक, आपलं गप्प राहणं, काहीच झाकलं नाही.

“आबा शिस्तीचा माणूस. परवाना बी खरा. तरी काडतूस राहिलंच की.”

दिग्विजयनं भोकात बोट घातलं. मग बोट तसंच खाली आणत विचारलं, “राजी... केवढी होती?”

कुशाबाईंनी मांडीजवळ हात धरून दाखवलं. तो कॅलेंडर बाजूला सारून खाटेवर बसला.

“दोनदा वाचली म्हणायची,” तो पुटपुटला. “आणि मला एकदाच ठाऊक.”

“दोन्ही बारीला देवानं परत दिली. आपून एक तरी वस्तू द्यावी का नको?”

कुशाबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी देवाला साखर ठेवली, परवान्याचं पुस्तक पिशवीत घातलं, आणि चष्मा विसरला नाही ना ते चाचपलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करून, चपला वाजू न देता, त्या इंदापूरची गाडी धरायला निघाल्या.