कणगीमागचा बॉक्स

आमच्या पोशाला पावणे आले की घरातलं काय झाकू नि काय दाखवू असं होतं. मी मॅक्सीवर भात पाखडत बसले तर धावत येऊन सांगतो, "आय, लुगडं नेस, गाडी आली!" पोटचा पोर, पण आईची लाज त्याला गाडीचा हॉर्न ऐकून वाटते.

कळंबच्या रस्त्याला आमचं घर. मागल्या अंगाला त्याने पैसे देऊन राहणाऱ्या पावण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. खोल्यांना एसी, न्हाणीला गिझर. आणि एवढी सगळी वीज पडवीतल्या त्याच जुन्या पत्र्याच्या बॉक्समधून. तो बसवला तेव्हा घरात दोन दिवे नि एक पंखा होता. नागू वायरमनने नव्या वायरी त्यात कोंबल्या, तर दार लागेना.

"मोठा बॉक्स आन की रं," मी म्हटलं.

"बसल्या ना, काकी!" म्हणत त्याने दार सुतळीने बांधलं.

मग तो सुतळीचा बॉक्स पोशाच्या डोळ्यांत खुपायला लागला. त्याने माळ्यावरची बांबूची कणगी उतरवली नि बॉक्स झाकेल अशी भिंतीला टेकवून उभी केली. पावणे खूश. पण रिकामी कणगी आमच्यात उभी ठेवत नाहीत, घरात उपास येतो. मी ती भाताने गच्च भरली, तोंड शेणाने लिंपलं. भरली कणगी चार गड्यांना हलत नाही.

उन्हाळा लागला. एक दिवस माझी सून दर्शना म्हणाली, "आई, कणगीमागची भिंत गरम लागते."

"उनानं गं," पोशा म्हणाला.

"पडवीच्या आतल्या भिंतीला कुठलं रं ऊन?" मी विचारलं. तो पावण्यांच्या कोंबडीचं बघायला निघून गेला.

त्याच शनिवारी, भर दुपारी, दोन्ही एसी चालू असताना कणगीमागून काळा धूर निघाला. वास असा की डोळे चुरचुरले. "मेन बंद कर! मेन बंद कर!" सगळे ओरडतायत, पण मेन कणगीच्या मागे. पोशा नि एक पावणा खांदा लावून ढकलतायत, कणगी ढिम्म. मी कोयत्याने तिचं पोट फाडलं. भात पायावर सांडला, गुडघ्याएवढा झाला, तरी कणगी जागची हलेना.

दर्शना अंगाने बारीक. भिंत नि कणगीच्या फटीत तिने हात घातला, खांद्यापर्यंत. आत चाचपडत राहिली. मी कोयता घेऊन नुसती बघत उभी. खट वाजलं. पंखे थांबले.

"झालं बंद, आई," ती म्हणाली नि खाली भातात बसली. हाताला वितळलेलं प्लास्टिक चिकटलं होतं.

दवाखान्यातून आली. पण उजव्या हाताची बोटं काही मिटत नाहीत. भाकरी मी थापते. ती चहाचा कप डाव्या हाताने धरते नि माझ्याकडे बघत नाही.

परवा पोशाने नवा बॉक्स बसवला, समोरच्या भिंतीवर. पुढे माझं सूपसुद्धा ठेवू देत नाही. शेजारपाजार बोलावून दाखवत होता, "आय, बघ, दार कसं पुरं उघडतंय! पुढं मानूस आरामात उभा ऱ्हातोय."

दर्शना दारात उभी होती, हात पदराखाली.

"उभा ऱ्हातोय खरा," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "पर ही भिंत तवाबी मोकळीच व्हती, पोश्या."