साडेसहाची नळी

हॅवर्थने लापशीचा वाडगा कोपराने बाजूला सारला आणि कागद टेबलावर ठेवला. वाडगा कोणाचा, त्यात कोणी खात होतं का, हे त्याने पाहिलंही नाही. इस्टेटीचा मॅनेजर तो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं बसायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"सही कर, इशबेल. सोमवारी मालकीणबाई, मिसेस केर्सवेल, येतायत. त्यांच्या हातात तयार कागद पडायला हवा."

कागदावर चार ओळी. ग्लेन अरास्क इस्टेटीवर हरणांच्या सगळ्या कामाला यापुढे एकच कॅलिबर, म्हणजे नळीचं एकच माप. तीन नव्या रायफली, 'तीनशे मॅग्नम' या भारी मापाच्या. शिफारस करणार: इशबेल गिलँडर्स. नावाखाली पेन्सिलने, अगदी फिकट, 'हेड स्टॉकर?' असं लिहिलेलं. प्रश्नचिन्हासकट.

त्या प्रश्नचिन्हात सगळा डाव होता. वारा चुकवत, पोटावर सरपटत, शिकारीला आलेल्या पाहुण्याला हरणाच्या टप्प्यात नेणारा तो स्टॉकर. इशबेलचा बाप मुर्डो इथे तीस वर्षं हेड स्टॉकर होता. कान गेले, खांदा गेला, आणि दोन वर्षांपासून त्याचं सगळं काम इशबेल करत होती. हुद्दा मात्र रिकामा होता. आणि हे घर हुद्द्याबरोबरचं. हुद्दा दुसऱ्याला गेला की बापलेकीने सामान उचलायचं, इतकं ते साधं होतं.

"एकच कॅलिबर ठेवा, माझं काही म्हणणं नाही," इशबेल म्हणाली. "तीन तऱ्हेची काडतुसं एका कपाटात ठेवली की कधीतरी चुकीचं काडतूस चुकीच्या रायफलीत जातं. पोलीसही परवान्यावर दर रायफलीचं कारण विचारतात. एकच ठेवा. पण हे नको."

"मॅग्नमला काय झालं? हजार यार्डांवर मारते."

"हजार यार्डांवर इथे कोण मारतंय? मी पाहुण्याला दीडशेवर नेते. नेता आलं नाही तर घरी आणते."

"पाहुण्यांना मोठी आवडते."

"पाहुण्यांना काय काय आवडतं ते मला नका सांगू. मी त्यांना चिखलातून ओढते."

हॅवर्थ हसला. दात नीट, हसू कोरडं. "हे बघ. सही केलीस तर ते प्रश्नचिन्ह मी खोडतो. नाही केलीस तर हुद्दाच खोडतो. पर्थशायरमधला एक माणूस तयार आहे. त्याला घर लागेल."

तो गेला. लापशी गार झाली होती. इशबेलने ती तशीच उभ्याने खाल्ली.

मुर्डो मागच्या दाराने आला. चार हात लांबून बोललेलं त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून आपलंही कोणाला ऐकू जात नसेल असं समजून तो ओरडून बोलायचा.

"काय म्हणतो दातवाला?"

इशबेलने कागद पुढे केला. मुर्डोने तो डोळ्यांशी धरून सावकाश वाचला आणि खाली ठेवला.

"कर सही."

"बाबा!"

"अगं, कर. तुझी साडेसहा मिलिमीटरची रायफल काय कोणी काढून घेणारे का? कागदावर मॅग्नम, खांद्यावर साडेसहा. तीस वर्षं मी असंच केलं. मालकांचं कागदावर, आपलं डोंगरावर."

"एकच कॅलिबर म्हणजे माझीही जाणार. लिहिलंय तिथे, सगळ्या कामाला."

"मग जाऊ दे. घर राहील ना?" मुर्डोचा आवाज खाली आला, म्हणजे खरा घाबरला होता. "माझ्या वयात मी कुठे जाऊ, पोरी? गावातल्या त्या खुराड्यात?"

इशबेल दारातल्या खुंटीवरच्या आपल्या कोटाकडे बघत राहिली. त्याच्या डाव्या खिशात मागच्या ऑक्टोबरपासून एक रिकामं काडतूस होतं.

ते असं. मागच्या ऑक्टोबरात हॅवर्थने आणलेला एक पाहुणा स्वतःची तीनशे मॅग्नम घेऊन आला होता. इशबेलने त्याला एकशेवीस यार्डांवर नेलं. सांबराएवढा लाल नर, आडवा उभा, वारा तोंडावर. याहून सोपा नेम त्या डोंगरावर मिळत नाही. पाहुण्याने डोळे मिटून चाप ओढला. खांद्याला धक्का बसण्याआधीच त्याचा खांदा घाबरला होता, आणि नळी खाली गेली. गोळी पोटात. नर पोट ओढत खडकांमागे गेला. पाहुणा संध्याकाळी हॉटेलात व्हिस्की पीत होता. इशबेल मात्र दोन दिवस रक्ताच्या मागावर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला तो नर एका ओहोळात सापडला, जिवंत. मागचे पाय चालत नव्हते, तरी तिला बघून त्याने शिंगं खाली केली. तिने तिथे एका गोळीत त्याला सोडवलं. परत येताना, जिथून तो नेम झाला होता तिथे वाकून तिने ते काडतूस उचललं. का उचललं, तेव्हा तिला सांगता आलं नसतं.

ज्यांनी फुटलेल्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेला नाही, त्यांनी कॅलिबर ठरवावं ही या जगातली मोठी बदमाशी आहे. हॅवर्थचा तक्ता इशबेलने पाहिला होता. इतका वेग, इतकी ताकद, इतके यार्ड. त्या तक्त्यात चाप ओढणाऱ्या माणसाच्या खांद्याचा रकानाच नव्हता. लावलेल्या झाडीतल्या, कुत्र्यापेक्षा थोड्या उंच रो हरणाला मॅग्नम मारली की पुढचे दोन्ही फरे रक्ताचा लगदा. ते मांस कोण खाणार? दोनशे त्रेचाळीस मापाची हलकी घ्यावी तर रोला छान, मादीलाही चालेल, पण वाऱ्यात तिरक्या उभ्या मोठ्या नरावर इशबेलचा जीव टांगणीला लागायचा. तीनशे आठ मापाशी तिचं भांडण नव्हतं. पण साडेसहाची लांब, सडपातळ गोळी वाऱ्याला दाद देत नाही, नरात खोल जाते, रोला फाडत नाही आणि खांद्याला ढुशी देते, लाथ नाही. सगळं काम करणारी एकच नळी हवी ना? मग ही घ्या. हे तिला कोणत्या तक्त्यातून कळलं नव्हतं. चौदा हंगाम हरणं सोलून कळलं होतं.

"बाबा," ती त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "तुमचं काडतुसं भरायचं यंत्र चालतंय का अजून?"

"चालतंय की! काय भरायचंय?"

तिने खिशातलं काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. "ह्यात दारू घालायची नाही. ठिणगी पाडणारी टोपीही नाही. नुसती वर गोळी बसवून द्या."

मुर्डोने काडतूस उलटसुलट करून पाहिलं. नेम शिकणाऱ्या नवख्याला असं पोकळ काडतूस नकळत भरून देतात. आवाज होत नाही आणि खांदा किती घाबरतो ते सगळ्यांना दिसतं. त्याने स्वतः इशबेलला असंच शिकवलं होतं, ती चौदाची असताना. ती तेव्हा रडली होती.

"कोणासाठी?" त्याने विचारलं.

इशबेलने टेबलावरच्या कागदावर बोट ठेवलं. "घर जाईल ना गं," असं पुटपुटतच तो शेडकडे निघाला. पण निघाला.

सोमवारी सकाळी डोंगरावर धुकं नव्हतं, चिलटं होती. मॉड केर्सवेल गाडीतून उतरली. एकाहत्तर वर्षांची, यॉर्कशायरची, गालिच्यांच्या कारखान्याची मालकीण. नवरा गेल्यावर तिने ही इस्टेट विकली नव्हती आणि का नाही विकली हे कोणाला सांगितलंही नव्हतं.

"मुर्डो, अजून जिवंत?"

"काय?"

"जिवंत आहेस का म्हटलं!"

"हो, नाश्ता झाला!" मुर्डो ओरडला. तो तट्टाचा लगाम धरून उभा होता.

डोंगर चढण्याआधी प्रत्येकाने लोखंडी नरावर तीन गोळ्या मारायच्या, ही ग्लेन अरास्कची रीत. पाहुणा असो, मालक असो. शंभर यार्डांवर पांढरा रंगवलेला लोखंडी पत्रा आणि छातीवर ताटलीएवढं काळं वर्तुळ. दुसरी रीत याहून जुनी: रायफल स्टॉकरच वागवतो, स्टॉकरच भरतो, आणि शेवटच्या घटकेला नेम धरणाऱ्याच्या हातात देतो. बाकी कोणी काडतुसाला हात लावायचा नाही.

मॉडने इशबेलची साडेसहा घेतली. तिन्ही वर्तुळात. पत्रा तीनदा वाजला.

"आता खरी रायफल बघा," हॅवर्थ म्हणाला आणि नमुन्याला मागवलेल्या मॅग्नममागे, हेदरच्या ओल्या झुडपांत पालथा पडला. इशबेलने मॅग्नम भरली. पहिली गोळी नराच्या पुढच्या पायाला लागली.

"वारा," हॅवर्थ म्हणाला.

तट्टाची शेपटी सरळ खाली लोंबत होती. इशबेलने पुन्हा भरली. दुसरी गोळी पत्र्याखाली मातीत.

"दुर्बीण हललीय वाटतं प्रवासात."

"असेल," इशबेल म्हणाली. तिने डाव्या खिशात हात घातला आणि मुर्डोने गोळी बसवलेलं ते पोकळ काडतूस मुठीत लपवून नळीत सरकवलं.

हॅवर्थने चाप ओढला. टक्. एवढाच आवाज. पण नळीचं टोक असं खाली गेलं, जसं कोणी वरून दाबलं असावं. खांदा मागे, मान आत, डोळे मिटलेले. सगळ्यांनी पाहिलं.

मुर्डोला आवाज झाला काय आणि न झाला काय. त्याने फक्त नळी पाहिली. "हुकली!" तो डोंगराला ऐकू जाईल असं ओरडला.

हॅवर्थ उठायला लागला.

"हलू नका, मिस्टर हॅवर्थ," इशबेल म्हणाली. "गोळी उडाली नाही तर अर्धं मिनिट नळी निशाण्याकडे ठेवून पडून राहायचं. शेडवरचा बोर्ड तुम्हीच लावलाय."

मॉड बघत होती. हॅवर्थ पडून राहिला. चिलटं त्याच्या कानात शिरत होती.

"तुमच्याकडे अर्धं मिनिट आहे, माझ्याकडेही तेवढंच," इशबेल बोलू लागली, मॉडकडे वळून. "ते काडतूस मी भरलंय आणि ते पोकळ आहे. मागच्या ऑक्टोबरात याच काडतुसातून सुटलेली गोळी एका नराच्या पोटात गेली. कारण तो पाहुणाही असाच खाली गेला, जसे हे आत्ता गेले. मी दोन दिवस त्या नराच्या मागे होते. हे दोघंही वाईट नेमबाज नाहीत. रायफल माणसाला घाबरवते, बस. घाबरलेल्या माणसाच्या हातात कितीही ताकद द्या, ती पोटातच जाणार. मला सगळ्यांसाठी एक नळी निवडायला सांगितलीत. मी साडेसहा निवडलीय. मॅग्नमच्या कागदावर मी सही करणार नाही. झालं माझं. उठा आता."

हॅवर्थ लालबुंद होऊन उठला. "हिने मला फसवलं! मालकिणीसमोर!"

"हो, फसवलं," इशबेल म्हणाली.

"सामान बांध. आजच्या आज."

मॉडने हॅवर्थकडे बघून हात वर केला. "थांब, जाइल्स. इशबेल, मधला रस्ता काढू. पाहुण्यांना मॅग्नम असू दे, तू तुझी वाग."

इथे गप्प बसली असती तर घर राहिलं असतं. मुर्डोला ऐकू येत नव्हतं, पण लेकीच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. त्याने लगाम घट्ट धरला.

"नाही," इशबेल म्हणाली. "पाहुण्यांना मॅग्नम द्यायची असेल तर जखमी जनावराच्या मागे मिस्टर हॅवर्थ जातील. नाहीतर तुम्ही जा. मी नाही जाणार. आम्ही घर सोडतो."

मग मॉडने कोट काढून तट्टाच्या पाठीवर टाकला आणि मॅग्नममागे पालथी पडली. "भर. काय भरलंस ते सांगू नकोस."

इशबेलने भरली. मॉडने दोनदा श्वास सोडला आणि चाप ओढला. टक्. आणि नळी खाली. हॅवर्थइतकी नाही, पण खाली.

मॉड अर्धं मिनिट हेदरमध्ये तोंड घालून पडून राहिली. उठली तेव्हा गुडघे ओले होते.

"चाळीस वर्षं मला वाटत होतं, मी घाबरत नाही," ती म्हणाली. "जाइल्स, कागद."

तिने गाडीच्या बॉनेटवर कागद धरून 'तीनशे मॅग्नम' खोडलं, 'साडेसहा' लिहिलं आणि पेन इशबेलकडे दिलं. "तू माझ्या मॅनेजरला माझ्यासमोर उघडं पाडलंस. त्याची माफी माग."

"आधी त्यांनी त्या नराची मागावी," इशबेल म्हणाली आणि सही केली. मग त्याच पेनने फिकट पेन्सिलच्या शब्दांवरून ठळक गिरवलं: हेड स्टॉकर. प्रश्नचिन्हावर आडवी रेघ ओढली.

"हे तुला कोणी दिलं?" हॅवर्थ ओरडला.

"दोन वर्षं काम मी करतेय. लिहायचंच राहिलं होतं, ते लिहिलं."

कागद मॉडकडे गेला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला. खोडायला पेन मागितलं नाही. घडी घालून खिशात टाकला आणि डोंगराकडे पाहिलं. "वारा फिरायच्या आत निघायला हवं ना?"

इशबेलने साडेसहा खोळीत घालून खांद्यावर टाकली.

"पोरी!" मागून मुर्डो ओरडला. "घर राहिलं का?"

ती वळली आणि तिनेही तितक्याच जोरात उत्तर दिलं, हॅवर्थला नीट ऐकू जाईल असं.

"राहिलं! कागदावरही आणि डोंगरावरही!"