कोरड्या तोंडानं

डॉक्टर यशोधरानं सांबराच्या नाकपुडीपुढे तळहात धरला आणि वाट पाहिली. उबदार वारा लागला, थांबला. पुढचा यायला इतका वेळ लागला की तिचाच श्वास अडकून राहिला.

"मॅडम, हे श्वासच घेत नाहीय!" वनरक्षक हरिचंद्र म्हणाला. हळू बोलायचं तो नेहमीप्रमाणे विसरला होता.

"घेतंय. औषधानं मंदावलाय. मान अशीच उचलून धर, तोंड उतरतं ठेव. लाळ बाहेर गळली पाहिजे, आत नाही."

शिरगावच्या नव्या इमारतींमागच्या पडीक शेतात सांबर सकाळपासून अडकलं होतं. रानडुकरासाठी कुणीतरी लावलेला क्लचवायरचा फास मागच्या पायात हाडापर्यंत रुतला होता. भुलीचं औषध मारल्याशिवाय जवळ जाता येत नव्हतं, आणि ते औषध असं, की जनावराबरोबर त्याचा श्वासही आडवा करतं. उतारा सिरिंजमध्ये भरून तयार होता. पण तो दिला की सांबर उठून पळणार, फासासकट. म्हणजे आधी वायर, मग उतारा. तोवर नाकातल्या नळीतून ऑक्सिजन आणि देवाचं नाव.

यशोधरा पक्कड घेऊन पायाशी बसली. या आठवड्यातलं हे कितवं जनावर, हे मोजणं तिनं सोडून दिलं होतं. कंबरेचा पार काटा ढिला झाला होता आणि तिला घरी जायचं होतं, बस. कुंपणापलीकडे माणसं मोबाइल उंचावून उभी होती. आत फक्त पुतळाबाई होती, शेजारच्या घरातली म्हातारी. डोक्याखाली द्यायला गोणपाटं तिनंच आणली होती, म्हणून तिला कुणी हटकलं नव्हतं.

वायरचा एकच पेड उरला तेवढ्यात ऑक्सिजनचा काटा खाली आला. हरिचंद्रनं सांबराचं डोकं गोणपाटांवर टेकवलं आणि तो दुसरा सिलिंडर आणायला जीपकडे पळाला.

घरघर ऐकून यशोधरानं वर पाहिलं. पुतळाबाई सांबराचं तोंड मांडीवर घेऊन बसली होती आणि तांब्यातलं पाणी त्याच्या ओठांच्या फटीतून आत सोडत होती.

"आजी! काय करताय?"

"जीव चाललाय त्याचा. त्या साहेबानी सांगला ना, श्वास नाय म्हणून. कोरड्या तोंडानी कसा जाऊ द्यायचा?"

भूल दिलेल्या जनावराला गिळता येत नाही. पाणी जातं ते थेट छातीत. हे समजावायला वेळ नव्हता. यशोधरानं शेवटचा पेड तोडला, धावत येऊन सांबराचं तोंड खाली केलं, बोटं घालून निघेल तेवढं पाणी काढलं. जीभ निळसर पडली होती. ती म्हातारीवर भयंकर चिडली होती, तरी कानामागची शीर तिला पहिल्याच झटक्यात सापडली. उतारा आत गेला.

कान हलला. छाती एकदा मोठी फुगली. मग सांबर धडपडत उठलं आणि बारवीच्या डोंगराकडे तोंड करून लंगडत निघालं. कुंपणापलीकडे टाळ्या पडल्या.

यशोधरा पुतळाबाईकडे वळली. काय बोलायचं ते तोंडाशी आलं होतं.

म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. "माझा अल्पेश दवाखान्यात गेला. तोंडात नळी होती. नर्स बोलली, पानी नका देऊ. मी आयकला तिचा." तिनं रिकामा तांब्या उलटा करून पाहिला. "तसाच गेला गं पोर."

झाडांच्या कडेला सांबर थांबलं. खोकलं. ओला, खोल खोकला. पुन्हा खोकलं आणि आत दिसेनासं झालं.

सिलिंडर घेऊन परतलेल्या हरिचंद्रनं यशोधराकडे पाहिलं. त्यालाही तो खोकला कळला होता. "मॅडम, छातीत पाणी..."

"हळू," ती म्हणाली. "पाणवठ्यावर लक्ष ठेव. उद्यापासून."

"आता जगंल ना?" पुतळाबाईनं विचारलं.

यशोधरानं तिच्या हातातला तांब्या घेऊन बाजूला ठेवला आणि तिला धरून उठवलं.

"तहान लागली होती त्याला, आजी," ती म्हणाली.